दोरी, घंटा आणि दरवाजा : वेदनेच्या शास्त्राची साडेतीन शतके

१/
इ. स. १८६४. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन हे रुग्णालय मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांसाठी राखून ठेवले होते. तेथील काही रुग्णांची एक विचित्र सवय डॉक्टरांच्या ध्यानात आली. ते आपला दुखरा हात अष्टौप्रहर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. दोघे तर बुटांत पाणी ओतून घेत, कारण कोरड्या त्वचेचे घर्षण त्यांना सोसवत नसे. शेजारच्या खाटेवर कोणी वर्तमानपत्र उलगडले, तरी त्या खडखडाटाने ते कळवळत. गोळीची मूळ जखम मात्र बहुधा केव्हाच भरून आलेली असे.

२/
या सैनिकांची निरीक्षणे सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या तिघांनी त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या जळत्या वेदनेला मिचेलने पुढे ग्रीक शब्दांवरून ‘कॉझाल्जिया’ असे नाव दिले. विशेष म्हणजे याच तिघांनी त्याच वर्षी आणखी एक निबंध लिहिला. युद्धावरून सुटका मिळावी म्हणून दुखण्याचे सोंग आणणारे सैनिक कसे ओळखावेत, हा त्याचा विषय. जखम दिसत नाही आणि माणूस तर ओरडतो आहे. तो खरा की खोटा? डॉक्टरांच्या एका हाती औषध होते आणि दुसऱ्या हाती संशय. वेदनेच्या शास्त्राचा पुढचा बराच इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

३/
मिचेलने हात-पाय कापलेले सैनिकही पाहिले. नसलेल्या पायाची बोटे त्यांना वळलेली जाणवत, नसलेल्या तळहातात नखे रुतल्यासारखे दुखे. हा अनुभव त्याने प्रथम सविस्तर मांडला तो वैद्यकीय नियतकालिकात नव्हे, तर १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापलेल्या एका निनावी कथेत. चारही अवयव गमावलेला जॉर्ज डेडलो हा तिचा काल्पनिक नायक. वाचकांना तो इतका खरा वाटला की त्याच्या मदतीसाठी लोकांनी पैसे गोळा केले. स्वतःच्या नावाने मिचेल या विषयावर लिहिता झाला तो १८७१ मध्ये, आणि तेव्हा त्याने या अनुभवाला ‘फँटम लिंब’ म्हणजे भासमान अवयव म्हटले.

४/
डॉक्टर इतके गोंधळून का गेले, हे समजण्यासाठी दोन शतके मागे जावे लागते. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याचा मानवी शरीरावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये, फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले एक चित्र आजही वैद्यकाच्या पुस्तकांत छापले जाते. विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा, आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक धागा. विस्तवाने धाग्याचे खालचे टोक ओढले जाते आणि वर मेंदूतील छिद्र उघडते. देकार्तने दिलेली उपमा देवळात जाणाऱ्या कोणालाही कळेल अशी आहे : दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते.

५/
त्या काळी ही कल्पना क्रांतिकारक होती. ॲरिस्टॉटलच्या मते वेदना ही मनाची एक अवस्था. तिचे स्थान पाच इंद्रियांच्या पंक्तीत नव्हते. देकार्तने तिला शरीराच्या यंत्रात आणून बसवले, म्हणूनच तिचा प्रयोगशाळेत अभ्यास करणे शक्य झाले. परंतु दोरीबरोबर एक गृहीतकही आले. जितकी जखम मोठी तितकी दोरी जोरात ओढली जाणार आणि तितकी घंटा मोठ्याने वाजणार. याचा व्यत्यासही आपोआपच निघाला : दोरी कोणी ओढलेली नसेल, तर घंटा वाजते असे म्हणणारा माणूस एक तर वेडा किंवा लबाड.

६/
गंमत अशी की खुद्द देकार्तला अपवाद ठाऊक होता. हात कापलेली एक मुलगी नसलेल्या बोटांत कळा येतात म्हणून रडत असे, हे त्याने आपल्या लेखनात नोंदवले आहे. त्याने त्याचे उत्तरही दिले : पूर्वी बोटांपर्यंत जाणारे तंतू आता कोपरापाशी संपतात आणि तिथेच ओढले जातात. उत्तर चतुर आहे, आणि अंशतः बरोबरही. कापलेल्या मज्जातंतूचे टोक खरोखरच बंड करते. पण अनुयायांनी घंटा उचलली आणि मुलगी विसरली.

७/
एकोणिसाव्या शतकात हा धागा शोधण्याची शर्यत लागली. चार्ल्स बेल आणि फ्रान्स्वा माजांदी यांच्या कामातून मज्जारज्जूच्या मागच्या मुळांतून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळांतून हालचालीचा आदेश बाहेर जातो, हे सिद्ध झाले. जर्मनीत माक्स फोन फ्राय याने केसांची बारीक टोके त्वचेवर टेकवून वेदनेचे स्वतंत्र बिंदू मोजले. इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टनने १९०६ च्या ग्रंथात ‘नोसिसेप्टिव्ह’ हा शब्द रूढ केला. लॅटिनमधल्या ‘इजा करणे’ या धातूवरून तो आला आहे. शब्दाची निवड काटेकोर होती : ही टोके धोका ओळखतात. धोका ओळखणे आणि दुखणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या शब्दातच दडलेले होते.

८/
धोका कसा ओळखला जातो, याचा एक पुरावा मराठी स्वयंपाकघरात रोज खमंग फोडणीसह हजर असतो. पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून आणलेली मिरची गोव्यामार्गे इकडे रुजली. ती खाल्ली की ‘तोंडाची आग होते’ असे मराठी माणूस म्हणतो, आणि ते अक्षरशः खरे आहे. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीतील कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते ते शोधून काढले. टीआरपीव्ही-१ हे त्याचे नाव. हेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापले की आपोआप उघडते. मिरची आणि निखारा एकच कडी वाजवतात; आतल्याला फरक कळत नाही. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता.

९/
तिथून पुढे बातमी दोन वेगांनी धावते. उंबरठ्याला ठेच लागली की आधी क्षणभर लख्ख चमक येते, आणि ‘अरे देवा’ म्हणेपर्यंत मागून ठणका सुरू होतो. चमक आणणाऱ्या तंतूंभोवती मायलिनचे पातळ वेष्टन असते. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. ठणका आणणारे ‘सी’ तंतू उघडे आणि बारीक; सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर पाहता त्यांना सेकंदभर लागणारच. उघड्या तंतूंची ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिच्या विस्मरणाची किंमत तान्ह्या बाळांनी मोजली.

१०/
तंतू सापडले, मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारी त्यांची वाटही सापडली. मग शल्यविशारदांनी सरळ हिशेब मांडला : घंटा बंद करायची तर दोरी कापा. १९१२ मध्ये फिलाडेल्फियातच विल्यम स्पिलर आणि एडवर्ड मार्टिन यांनी मज्जारज्जूतील ती वाट छेदण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना तिने मोठा दिलासा दिला. पण जे रुग्ण दीर्घकाळ जगले, त्यांपैकी अनेकांची वेदना काही काळाने परत आली, आणि कधी कधी ती पूर्वीपेक्षा विचित्र रूपात आली. दोरी कापली होती. घंटा वाजतच होती.

११/
उलट टोकाचा पुरावा रणांगणावर मिळाला. १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्याची प्रचंड हानी झाली. तेथे हार्वर्डचा भूलतज्ज्ञ हेन्री बीचर काम करत होता. मॉर्फिन पुरवून वापरावे लागे, म्हणून त्याने जखमींना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली : दुखण्यावर काही औषध हवे का? हाडे मोडलेली, पोटात-छातीत गोळ्या शिरलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या या सैनिकांपैकी केवळ एक-चतुर्थांश लोकांनी होकार दिला.

१२/
त्यांची संवेदना बधिर झाली होती असे म्हणावे, तर तेही नव्हते. शीर शोधताना कोणी सुई धसमुसळेपणाने खुपसली, तर हेच सैनिक इतरांइतकीच तक्रार करत. युद्धानंतर बीचरने शस्त्रक्रिया झालेल्या सामान्य नागरिकांशी तुलना केली. त्यांच्या जखमा लहान होत्या, आणि औषध मागणारे मात्र कितीतरी अधिक. बीचरचे अनुमान असे : नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकट, तर सैनिकाला ती जखम म्हणजे जिवंतपणी घरी जाण्याचा परवाना. जखमेचा अर्थ बदलला की वेदना बदलते. हे स्पष्टीकरण पुरेसे आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण जखमेच्या आकारावरून वेदना मोजता येत नाही, एवढे तरी त्या किनाऱ्यावर पक्के ठरले.

१३/
आता दोन माणसांची भेट. रोनाल्ड मेलझॅक हा माँट्रियलचा मानसशास्त्रज्ञ. विद्यार्थिदशेत त्याने एकांतात वाढवलेल्या कुत्र्यांचे निरीक्षण केले होते. ही कुत्री पेटत्या काडीला नाक लावत, चटका बसला की मागे सरत आणि पुन्हा हुंगायला येत. दुखण्याचा अर्थ त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. पॅट्रिक वॉल हा इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मज्जारज्जूतील एकेका पेशीची विद्युत्-कुजबुज ऐकण्यात तरबेज. १९५९ मध्ये एमआयटी या संस्थेत दोघे भेटले. एकाला मन ठाऊक होते, दुसऱ्याला तारा. प्रचलित दोरी-घंटेवर दोघांचाही विश्वास उडालेला होता.

१४/
१९ नोव्हेंबर १९६५ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात त्यांचा लेख आला. त्याचे सार असे : मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे त्वचेकडून आलेले तंतू पहिल्यांदा पुढच्या पेशीला भेटतात, तिथे जणू एक दरवाजा आहे. धोक्याची बातमी आणणारे बारीक तंतू तो उघडू पाहतात. स्पर्श आणि दाब यांची बातमी आणणारे जाड तंतू तो लोटून घेतात. आणि तिसरा हात वरून येतो, खुद्द मेंदूकडून. भय, लक्ष, आठवण, आशा यांच्या जोरावर मेंदू दरवाजा किती उघडा ठेवायचा हे ठरवतो.

१५/
गुडघा आपटलेले लेकरू रडत येते आणि आई ती जागा चोळून फुंकर घालते. चोळण्याने जाड तंतू जागे होतात. आईच्या जवळ असण्याने वरचा हात हलतो. आजीबाईच्या या उपायाला १९६५ मध्ये प्रथमच मज्जारज्जूचा नकाशा मिळाला. दोनच वर्षांत वॉल आणि विल्यम स्वीट यांनी सौम्य विद्युत्-प्रवाहाने जाड तंतू चेतवून वेदना तात्पुरती थांबवून दाखवली, तीही आधी स्वतःवर प्रयोग करून. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठीला चिकट पट्ट्या लावून जे यंत्र मुंग्या आणते, त्याचा उगम इथे आहे.

१६/
लेखातील आकृती पुढे तपशिलात चुकीची ठरली. कोणती पेशी कोणाला कसे दाबते, हे लेखकद्वयीने रेखाटल्याप्रमाणे नव्हते. तरीही दरवाजाची कल्पना टिकली, आणि याचे कारण सरळ आहे : तिने शास्त्रज्ञांना योग्य जागी शोध घ्यायला लावले. मज्जारज्जू ही केवळ केबल नसून तिथे निवाडा होतो, हे एकदा मान्य झाल्यावर निवाडा करणारे कोण, हा प्रश्न आपोआप पुढे आला.

१७/
१९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूच्या मध्यभागी, द्रववाहिनीभोवतीच्या करड्या भागात, बारीक तार घालून वीज सोडली आणि भुलीच्या औषधाशिवाय त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. उंदीर जागे होते. वेदनेची प्रतिक्रिया मात्र उमटली नाही. वरून खाली येणारा हात सापडला होता. मग या हाताला कोणते रसायन चालवते? धागा अफूपर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्यावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. पण खसखशीच्या बोंडातला चीक माणसाच्या मेंदूत इतका नेमका का बसतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

१८/
१९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूवर्गीय द्रव्यांचे कुलूप दाखवून दिले. (पर्ट तेव्हा विद्यार्थिनी होती; १९७८ चा लास्कर पुरस्कार स्नायडरला आणि इतर दोघांना मिळाला, तिला वगळून. हा अन्याय तिने गप्प राहून सोसला नाही.) निसर्गाने कुलूप घडवले ते काही खसखशीची वाट पाहत नव्हे. शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूजेस पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जाऊन डुकरांचे मेंदू गोळा करू लागला. नाझी जर्मनीतून परागंदा झालेला, निवृत्तीचे वय ओलांडलेला हान्स कोस्टरलित्झ हा त्याचा ज्येष्ठ सहकारी. १९७५ मध्ये त्यांनी ती किल्ली वेगळी काढली आणि तिला ‘एन्केफॅलिन’ म्हटले, म्हणजे ‘डोक्यातले’.

१९/
यानंतरचा एक छोटा प्रयोग मात्र मोठ्या अन्यायाची परतफेड करणारा होता. पूर्वी खोट्या गोळीने ज्याला बरे वाटे, त्याचे दुखणेही खोटेच, असे सर्रास मानले जाई. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषधाविना इंजेक्शन दिले. काहींना आराम पडला. मग अफूचा परिणाम पुसून टाकणारे नॅलॉक्झोन दिले, आणि त्यांची वेदना पुन्हा वाढली. आराम हा भास असता, तर एका रसायनाने तो पुसला गेला नसता. विश्वासाने मेंदूतले खरे द्रव्य कामाला लागते, आणि त्या विश्वासामुळे रुग्ण लबाड ठरत नाही.

२०/
दरवाजा बंद होऊ शकतो, तसा तो उघडा अडकूनही पडतो. १९८३ मध्ये वॉलच्याच लंडनमधील प्रयोगशाळेत क्लिफर्ड वूल्फने दाखवले की उंदराच्या पंजाला इजा झाल्यावर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात, आणि इजेची जागा बधिर केली तरी ही अवस्था पुरती ओसरत नाही. अशा अवस्थेत साधा स्पर्शही जाड तंतूंवरून येऊन वेदनेच्या खात्यात जमा होतो. टर्नर्स लेनमधल्या ओल्या फडक्यांचा अर्थ लावायला एकशे वीस वर्षे लागली. तो सैनिक सोंग करत नव्हता. बिघाड हातात उरलेला नव्हता, तो हाताची बातमी ऐकणाऱ्या पेशींत होता.

२१/
दरम्यान मेलझॅक वेगळ्याच कामाला लागला होता : तो शब्द गोळा करत होता. १९७५ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत लावली आहेत. मराठी रुग्णाला हे नवल वाटू नये. कळ, सणक, चमक, ठणका, ठुसठुस, भगभग, मुरडा, शिणक : प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो, आणि जुना वैद्य त्यावरूनच निम्मे निदान करी. पण ज्याच्यापाशी शब्दच नाहीत, त्याचे काय?

२२/
या प्रश्नाचे विसाव्या शतकातील उत्तर ऐकून अंगावर काटा येतो. नवजात अर्भकांना वेदना होत नाही, किंवा होते ती मोजण्याजोगी नसते, असा समज वैद्यकात अनेक दशके रूढ होता. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉने बाळांना टाचणी टोचून केलेल्या निरीक्षणांचा त्याला आधार दिला जाई. दुसरा आधार मायलिनचा : बाळाच्या तंतूंवर वेष्टन पुरे चढलेले नसते, म्हणून बातमी पोहोचत नाही. ठणका आणणारे ‘सी’ तंतू तर मोठ्या माणसातही जन्मभर उघडेच असतात. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात होती. शस्त्रक्रियागृहात कोणी आठवली नाही.

२३/
परिणाम असा की लहानग्यांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया नाममात्र भुलीवर होत. स्नायू लुळे करणारे औषध दिलेले बाळ रडू शकत नसे, आणि रडत नाही म्हणून ते दुखत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाची हृदयाजवळची शस्त्रक्रिया अशाच रीतीने झाली. ते पुढे दगावले. त्याच्या आईने हे प्रकरण जाहीरपणे मांडले तेव्हा सामान्य लोकांना पहिल्यांदा कळले की हा अपवाद नसून ही प्रचलित पद्धत होती.

२४/
याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेला एक तरुण डॉक्टर काम करत होता. कंवलजीत सिंग आनंद हे त्यांचे नाव. शस्त्रक्रियेहून परतणाऱ्या बाळांची अवस्था इतकी वाईट का असते, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग लहानसा आहे : अपुऱ्या दिवसांची १६ बाळे, आठांना नेहमीच्या पद्धतीबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले, आठांना दिले नाही. न दिलेल्यांच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकांचा लोंढा उसळला, आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांच्यातच अधिक झाले. ज्या शरीराने ओरडायचे साधन गमावले होते, त्याची साक्ष रक्ताने दिली. त्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजातांना भूल नाकारण्याविरुद्ध भूमिका जाहीर केली.

२५/
आता एका मल्लाकडे वळू. जॉन बोनिका हा भूलतज्ज्ञ शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मुखवटा घालून व्यावसायिक कुस्त्या खेळत असे, आणि त्या कुस्त्यांनी मोडलेले शरीर त्याला आयुष्यभर छळत राहिले. दुखणाऱ्या माणसाला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे ढकलले जाते, हे त्याने दोन्ही बाजूंनी पाहिले होते. १९७३ मध्ये त्याने वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र बोलावले आणि त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. तिने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली : प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित, अथवा तशा इजेच्या भाषेत वर्णन केलेला, संवेदना आणि भावना या दोन्हींचा अप्रिय अनुभव.

२६/
या व्याख्येने बिनजखमेच्या माणसाला न्याय दिला, पण ‘वर्णन केलेला’ या शब्दांपाशी तान्हे बाळ, वाचा गेलेला वृद्ध आणि मुका प्राणी हे तिघेही दाराबाहेर राहिले. ४१ वर्षांनी, २०२० मध्ये, संघटनेने व्याख्या बदलली आणि ते शब्द काढून टाकले. सोबत जोडलेल्या टिपांपैकी शेवटचीत म्हटले आहे की शब्दांत सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक आहे. ज्याला सांगता येत नाही, तो माणूस असो वा प्राणी, त्याला वेदना होत असण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.